शनिवारवाड्यातली चकली आणि माझे 82,100 रुपये

आधीच सांगते, मी भोळी नाही. अकरा वर्षं फराळाचा धंदा करतेय, भाजणी दळून आणली की डबा परत काट्यावर ठेवून बघते. तरी 82,100 रुपये गेले, आणि तेही एका चकलीपायी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, घरातल्यांचं हसून झालंय.

गणपती उठले त्या आठवड्यात जाहिरातीचे व्हिडिओ बनवणाऱ्या एकाचा फोन आला. ‘ताई, तुमची चकली शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यातून गडगडत बाहेर काढतो. घराएवढी! शिवाजी रस्त्यानं थेट मंडईपर्यंत. सगळं सीजीआय, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेलं, पण लोकांना खरंच वाटणार.’ खरं सांगू? डोळ्यांसमोर उभी राहिली ती चकली. दिवाळी तोंडावर, शेजारच्या मिठाईवाल्याच्या रीलला लाखभर लोक, आणि माझ्या चिवड्याच्या फोटोला सत्तर लाइक, त्यातले निम्मे नात्यातले. मी काय वेगळं करणार होते?

नमुने म्हणून त्यानं व्हिडिओच्या दोन फिती पाठवल्या. एकीत पॅरिसच्या रस्त्यावरून गाड्यांसारख्या धावणाऱ्या जॅकमस या फ्रेंच ब्रँडच्या पर्सेस, दुसरीत लंडनच्या मेट्रोला पापण्या आणि त्यांवर फिरणारा मेबलीनच्या मस्काऱ्याचा ब्रश. ‘आमच्याच टीमचं काम.’ दोन्ही 2023 मध्ये जगभर फिरलेल्या, इयान पॅडगम नावाच्या कलाकाराच्या फिती. नमुना आला की तो कोणाचा, हे आधी शोधा. मी शोधलं नाही. ‘आमच्याच’ म्हणाला, मी मान डोलावली.

भाव ठरला 85,000, वर 18 टक्के जीएसटी. 42,500 आगाऊ दिले. मग 9,500 ड्रोनच्या परवानगीचे. वाडा पुरातत्त्व खात्याकडचा, तेव्हा परवानगी लागणारच, हे पटलं. पावती मागितली तर ‘सरकारी कामात पावती कुठली ताई’. इथे फोन ठेवायला हवा होता. पण थांबा, याहून मोठी माती पुढे खाल्ली.

आठ दिवसांनी त्यानं एक चित्र पाठवलं. दिल्ली दरवाजा, समोर माझी चकली. रंग झकास, खरपूस. पण काटे नाहीत. गुळगुळीत! आणि मधोमध एक बारीकशी चीर. अहो, काटे नसलेली चकली म्हणजे भाजणी बिघडली, हे माझ्याकडची नवी पोरगीसुद्धा पहिल्या दिवशी शिकते. मी विचारलंही. म्हणाला, ‘काटे फायनल रेंडरला, म्हणजे कॉम्प्युटर पक्कं चित्र काढतो तेव्हा येतात ताई, हा कच्चा माल आहे.’ मला त्यातलं काय कळतं, म्हणून गप्प बसले. चकलीतलं तर कळत होतं ना! सावलीही उलटी होती, माणसांची डावीकडे आणि चकलीची उजवीकडे. तेही दिसलं होतं. त्या चिरेकडे मी पाच मिनिटं बघत बसले होते, आणि त्यानंतर आणखी 30,100 रुपये पाठवले.

14,800 रेंडर फार्मचे, म्हणजे ही पक्की चित्रं काढणाऱ्या कॉम्प्युटरांच्या ताफ्याचे. 15 सेकंद, सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे 375. एकेका चित्राला 20 मिनिटं, म्हणजे 125 तास, म्हणून भाड्याची मशिनं. हिशेब मी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिला. बरोबर होता. हिशेबच तेवढा बरोबर होता. 15,300 जीएसटीचे, सगळ्या रकमेवर, आधीच. ऑफिस म्हणे पुण्यातच, बाणेरला, आणि बिलावरचा जीएसटी नंबर 07 नं सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. महाराष्ट्राचा 27, माझ्या स्वतःच्या बिलबुकावर छापलाय. नंबर जीएसटीच्या साइटवर टाकून बघायला फुकट असतं.

पंधराऐवजी सहा सेकंदांची फीत आली, रात्री दोनला. सकाळपासून फोन बंद.

अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या भाच्याला दाखवली. त्यानं एकदाच पाहिली आणि म्हणाला, ‘मावशी, ही डासांची कॉइल आहे.’

ती चीर म्हणजे पत्र्याचा स्टँड खोचायची जागा. अशी कॉम्प्युटरवरची तयार थ्रीडी मॉडेलं नेटवर विकत मिळतात. यानं हिरव्याची तपकिरी केली. खऱ्या कामात म्हणे जागेवर चित्रीकरण करतात, कॅमेरा कसा हलला ते सॉफ्टवेअरमधून काढतात, तिथल्या उजेडाचे चहूबाजूंनी फोटो घेतात, तेव्हा कुठे सावली जुळते. इथे वाडासुद्धा नुसता फोटो होता. ड्रोन उडालाच नव्हता. असं काम देणार असाल तर स्क्रीन शेअर करून मॉडेलची जाळी, म्हणजे आतला रेघांचा सांगाडा, दाखवायला सांगा, खरा माणूस मिनिटात दाखवतो. आणि सॉफ्टवेअरच्या लायसनचे पैसे कोणी मागितले तर विचारा कुठलं. ब्लेंडर नावाचं थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे.

चौकीत गेले. ‘फीत मिळाली ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला.’ दुसऱ्यानं विचारलं, ‘चकली खरी होती का खोटी?’ खोटीच असते हो, पण माझी खोटी हवी होती, कॉइलची नको! पाऊण तास सीजीआय म्हणजे काय ते समजावलं, अर्जावर लिहिलं ‘चकलीच्या बिलावरून वाद’. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत सांगितलं, तुम्ही व्यापारी, ग्राहक नव्हे. पोटासाठी स्वतः धंदा करणाऱ्याला 2019 च्या कायद्यात सूट आहे, हे मी त्यांना वाचून दाखवलं. साहेब जेवायला गेलेत म्हणाले. तीन खेपा झाल्या, साहेबांचं जेवण चालूच आहे. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मात्र मीच 19 दिवसांनी फोन केला. तो पहिल्या तासात करायचा असतो, तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेलेले असतात. लाजेपायी थांबले, दुसरं काही नाही.

नवरा म्हणतो, खोटं दाखवायला पैसे दिलेस, खोटंच मिळालं. त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही.

परवा भाच्याला तोच माणूस नव्या नावानं सापडला. नमुन्यांत आता माझीच फीत आहे, माझ्या लोगोसकट, खाली ‘समाधानी ग्राहक, पुणे’. चौकीत कळवलं, तर म्हणाले त्याची प्रिंट काढून आणा. व्हिडिओची प्रिंट! चीर नीट दिसेल अशी फ्रेम निवडलीय. रंगीत प्रिंटचे वीस रुपये, ते धरलेले नाहीत वरच्या आकड्यात.