देवगुराडियाची मोकळी झालेली जमीन : एका सार्वजनिक खर्चाचे परीक्षण

श्रावणी सोमवारी इंदूरजवळच्या देवगुराडियाच्या महादेवाला निघालो की नेमावर रस्त्यावर शहराच्या कचरा डेपोपाशी आई पदराने नाक झाकायची आणि आम्हा मुलांना श्वास रोखायला सांगायची. कचऱ्याचे ते डोंगर उन्हाळ्यात आतून पेटत आणि धूर दिवसेंदिवस विझत नसे. त्याच जागेला नुकतीच लोकमान्य नगरातल्या आम्ही काही जणांनी भेट दिली. करदात्यांच्या पैशातून मिळालेली सेवा म्हणून तिच्याबद्दल लिहीत आहे.

काम उत्तम झाले आहे, हे आधी मोकळेपणाने सांगतो. साचलेला सुमारे 13 लाख टन कचरा 2018 मध्ये बायोमायनिंगने, म्हणजे जिवाणूंच्या मदतीने जुना कचरा कुजवून आणि वेगळा करून, उपसण्यात आला. ढिगाऱ्याच्या लांब रांगा लावायच्या, त्यांवर जिवाणूंचे द्रावण फवारायचे, रांगा पुन्हा पुन्हा उलटायच्या आणि सगळे सुकले की ट्रॉमेलच्या फिरत्या चाळणीतून काढायचे, अशी ही रीत आहे. प्लॅस्टिक एकीकडे, दगड-विटा दुसरीकडे आणि बारीक माती खाली पडते. ठेका दिला असता तर 60 कोटींच्या पुढे गेलेला हा खर्च इंदूर महापालिकेने यंत्रे भाड्याने घेऊन 10 कोटींच्या आत बसवला आणि सुमारे 100 एकर जमीन मोकळी केली. याच परिसरात 19 फेब्रुवारी 2022 रोजी ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी, म्हणजे वाहनांना चालणारा गॅस, करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. तेव्हा त्याची क्षमता दिवसाला 550 टनांची होती.

मोकळ्या जागेत लावलेल्या एका रोपाच्या आळ्यातली मूठभर माती मी उचलून पाहिली. ती काळी, भुसभुशीत होती, तिला वास अजिबात नव्हता, पण तिच्यात बांगडीच्या काचेचा तुकडा आणि शाम्पूच्या पुडीची चकाकती कड होती. चाळणीतून एवढे निसटणारच, त्याची मला तक्रार नाही. मन अडकले ते डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीत. अनेक वर्षे पावसाचे पाणी त्या ढिगाऱ्यातून काळे होऊन खाली झिरपत राहिले, आणि माळव्याच्या काळ्या मातीखालचा बेसाल्ट खडक भेगाळलेला असल्याने ते पाणी कोणत्या भेगेतून कोणाच्या बोअरवेलपर्यंत जाईल, हे नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही.

सार्वजनिक पैशाची आखणी मला इथेच अपुरी वाटते. 1 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात जुन्या कचऱ्यासाठीच्या खर्चाचा हिशेब टनामागे 550 रुपये असा धरला आहे. मोजमाप टनाचे असले की साहजिकच लक्ष उपशाकडे जाते आणि खालच्या माती-पाण्याची तपासणी मागे राहते. जुलै 2025 मध्ये दूषित जागांसाठी केंद्राचे नियम आले. त्यांत प्राथमिक तपासणीला 90 दिवसांची मुदत आहे, आणि प्रदूषण करणारा सापडलाच नाही तर खर्च सरकारने उचलावा अशी तरतूद आहे. मात्र घनकचऱ्याच्या डेपोंना या नियमांतून वगळले आहे, आणि मला तरी ही मोठी उणीव वाटते. अमेरिकेत 2002 च्या ब्राउनफिल्ड (प्रदूषणाची शंका असलेल्या पडीक जागांच्या) कायद्याने तपासणीसाठी वेगळे आणि सफाईसाठी वेगळे अनुदान ठेवले. तपासणीचे पैसे स्वतंत्र असले की ती कोणत्याही घाईत गाळली जात नाही.

म्हणून देवगुराडियाला मी पाचपैकी चार गुण देईन. पाचवा गुण भोवतालच्या बोअरवेलच्या पाण्यातले शिसे, नायट्रेट आणि क्षार यांचे आकडे दर सहा महिन्यांनी प्रवेशद्वाराशी फलकावर लागतील तेव्हाचा.

भेट सकाळी, आधी परवानगी काढून द्यावी आणि मुलांना आवर्जून न्यावे. परतताना आमच्यात 1991 मध्ये बंद पडलेल्या इंदूरच्या हुकुमचंद मिल या कापडगिरणीच्या 42 एकरांहून अधिक जमिनीचा विषय निघाला. तिथे इमारती उभ्या राहोत किंवा झाडे राखली जाओत, कापड रंगवण्याच्या खात्याखालची माती आधी खोलवर तपासली जावी आणि त्या तपासणीचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीवर असावा, यावर आमच्यात दुमत नव्हते.