लोगो काढून न देणारे भरतकामाचे दुकान

दादर पश्चिमेला, रानडे रोडलगतच्या एका गल्लीत, संगणकीय भरतकाम करून देणारे छोटे दुकान आहे. भाच्यासाठी घरी शिवलेल्या जॅकेटवर एका नामांकित क्रीडा कंपनीचा लोगो आणि सोसायटीच्या दिवाळी प्रदर्शनात विकायच्या बारा टी-शर्टांवर तोच लोगो लहान आकारात, असे काम घेऊन मी तेथे गेले होते. मालकांनी पिशवीतले कपडे बाहेर काढण्यापूर्वीच दोन्ही कामांना नकार दिला. तेव्हा मला राग आला होता; आज त्या नकारासाठीच मी हे दुकान सुचवते आहे.

‘‘ताई, घरात घातला तरी गुन्हाच,’’ हे त्यांचे कारण मात्र पूर्णपणे बरोबर नाही. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे उल्लंघन ठरण्यासाठी चिन्हाचा वापर व्यापाराच्या ओघात व्हावा लागतो. मी स्वतः सुईदोऱ्याने लोगो काढून जॅकेट भाच्याला घातले असते, तर या कलमाचा प्रश्न सहसा आला नसता. परंतु तेच काम दुकानदार पैसे घेऊन करणार, म्हणजे माझ्या दृष्टीने जे घरगुती, ते त्याच्या दृष्टीने धंद्याचे. त्यामुळे कारण चुकीचे सांगूनही त्याचा नकार योग्यच होता. टी-शर्टांबाबत तर शंकेला जागाच नव्हती. खोटे चिन्ह लावणारा आणि तसा माल विकणारा, दोघांनाही सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड, अशी शिक्षा कलम १०३ व १०४ मध्ये आहे. फुटपाथवर ‘फर्स्ट कॉपी’, म्हणजे नामांकित मालाची हुबेहूब नक्कल, सर्रास मिळते, हा माझा युक्तिवाद तिथे टिकला नाही, आणि टिकायलाही नको होता.

एखादे अक्षर बदलून काढा, असेही मी सुचवून पाहिले. पण फसवे साम्य असलेले चिन्हही याच कायद्याच्या कक्षेत येते. शिवाय लोगोतील चित्राला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे वेगळे संरक्षण असू शकते.

अखेर जॅकेटवर भाच्याचे नाव देवनागरीत आणि टी-शर्टांवर मीच रेखाटलेले कावळ्याचे चित्र काढून घेतले. टाके दाट आहेत, मागचे अस्तर नीट कापलेले आहे आणि चार धुण्यांनंतरही धागा सुटलेला नाही. पंचिंगचे, म्हणजे चित्राची भरतकाम यंत्रासाठी संगणकावर टाक्यांची फाइल करून घेण्याचे, ४०० रुपये मला जास्त वाटले, आणि तीन दिवस सांगून आठवडा लावला. कावळा थोडा कबुतरासारखा झाला आहे, पण तो दोष बहुधा माझ्या चित्राचा. बाराही टी-शर्ट प्रदर्शनात खपले.