फेरीवाल्याने नाक्यावरच्या मंडळात राहावं की युनियनमध्ये जावं?

गाडी लावणाऱ्याला मालकच नाही, मग युनियन कशाला, असं आमच्या लायनीत अजूनही विचारतात. अहमदाबादच्या सेवाला, म्हणजे स्वतःचा धंदा करणाऱ्या बायकांच्या युनियनला, १९७२ मध्ये नोंदणी करताना हेच ऐकवलं होतं, मालक नाही तर भांडणार कोणाशी. आमचं उत्तर सोपं आहे, पालिकेशी आणि पोलिसांशी.

मी दोन्हीकडचं बघितलंय. मंडळाचं चांगलं आधी सांगतो. माणसं रोजची, बाजूच्याच गाडीवरची. आजारपण असो, मयत असो, पहिले तेच धावतात, भिशी चालते, सणात जागेवरून दोघांत वाजलं तर संध्याकाळपर्यंत मिटवून टाकतात. खरं सांगायचं तर युनियनला हे जमत नाही. त्यांची मीटिंग नेमकी धंद्याच्या टायमाला, मोर्चा असला की त्या दिवसाचा गल्ला गेला, आणि पुढारी एकदा माईकवर चढले की उतरत नाहीत.

पण माल उचलला की फरक कळतो. माझी फळांची गाडी अतिक्रमणवाल्यांनी उचलली तेव्हा मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "थांब, बोलतो मी साहेबांशी." बोलले, गाडी सुटलीसुद्धा, पण दुसऱ्या दिवशी, केळी काळी पडलेली, वजनकाटा गायब आणि हातात कागद नाही. काय काय उचललं ते कुठे लिहिलेलंच नाही तर काटा मागणार कुठल्या तोंडाने? वर अध्यक्षांचे उपकार, म्हणजे निवडणुकीला त्यांच्या माणसाच्या रॅलीत जाणं आलंच. माझं डोकं फिरलं ते या कागदापायी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात सरळ लिहिलंय की माल जप्त केला तर यादी करून तिची प्रत द्यायची, नाशवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी सोडायचा, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. मंडळात याबद्दल कधी कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

युनियनमध्ये आल्यावर परत उचलली (उचलतातच), तर आमच्या कार्यकर्त्या ताई ट्रकसमोर उभ्या राहिल्या आणि आधी यादी लिहायला लावली, कॅरेट किती, काटा, छत्री, सगळं, खाली साहेबाची सही. दंड भरावा लागलाच, पण काटा परत आला.

अजून एक, नगर पथविक्रेता समितीत, म्हणजे शहरातल्या फेरीवाल्यांचे प्रश्न जिथे चर्चेला येतात त्या समितीत, किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या असतात, त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. तिथे मंडळवाला आपल्या नाक्यापुरतं बोलतो, शहरभराचा हॉकर झोन निघाला की गप्प.

तुमच्याकडचं मंडळ चांगलं असेलही, आणि काही युनियन नुसत्या लेटरहेडवर चालतात हे पण खरं, म्हणून वर्गणी देण्याआधी पावतीपुस्तक आणि मागच्या वर्षाचा हिशोब दाखवा म्हणा, टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिरा. भिशी मात्र मी अजून मंडळातच लावतो, युनियनवाल्यांचं त्याला काही म्हणणं नसतं.