वीस खुर्च्यांचं ऑफिस: नवे पीसी, विंडोज सर्व्हर की लिनक्सवरचे थिन क्लायंट?

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी रामराम ठोकला. तरी इंदूरच्या करसल्लागारांच्या, पतसंस्थांच्या आणि क्लासवाल्यांच्या ऑफिसांत चौथ्या-सहाव्या पिढीचे आय-३, आय-५ पीसी अजून रोज नऊ-दहा तास राबताहेत. विंडोज ११ त्यांना दारात उभं करत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. पैसे भरून सुरक्षा अपडेट चालू ठेवता येतात, पण धंद्याच्या मशीनला पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी आणखी दुप्पट. तीन वर्षांत एका मशीनवर ४२७ डॉलर घालायचे आणि हातात मशीन तेच जुनं. हा मार्ग मी इथेच सोडतो.

उरतात तीन. वीस नवे पीसी घ्यायचे. किंवा एक विंडोज सर्व्हर घेऊन प्रत्येक टेबलावर थिन क्लायंटचा, म्हणजे सर्व्हरवर चाललेलं काम नुसतं पडद्यावर दाखवणारा, लहान डबा ठेवायचा. किंवा सर्व्हरवर लिनक्स टाकून आहेत त्याच पीसींना डिस्कशिवाय त्यावरून चालवायचं. माझा कल आधीच सांगतो: तिसरा मार्ग, पण वीसच्या वीस खुर्च्यांवर नाही.

थिन क्लायंट म्हटलं की लोक डब्याची किंमत विचारतात. दहा-बारा वर्षांपूर्वी तो प्रश्न बरोबर होता, कारण डबा पीसीच्या निम्म्यात यायचा. आता तळहातावर मावणारा मिनी पीसी जवळपास त्याच भावात मिळतो, वीजही दहा-पंधरा वॉटच खातो आणि एकटा स्वतःचं काम करतो. त्यामुळे ‘डबा स्वस्त’ या एका मुद्द्यावर कुणी थिन क्लायंट विकत असेल तर चहा पाजून निरोप द्या. बचत दोन ठिकाणी आहे: जुनं मशीन टाकावं लागत नाही, आणि वीस मशिनींची देखभाल एका जागी येते.

विंडोज सर्व्हरचा हिशेब

इंदूरच्या कॉम्प्युटर बाजारात, सिल्व्हर मॉलमध्ये, विचारलंत तर बहुतेक वेळा हाच मार्ग सुचवला जाईल, कारण टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर सुखाने चालतं आणि कर्मचाऱ्यांना काही नवं शिकावं लागत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण कोटेशनमध्ये ओळी मोजा. सर्व्हरचं लायसन्स वेगळं, त्याला जोडणाऱ्या प्रत्येक माणसाचं किंवा मशीनचं कॅल, म्हणजे जोडणीचं लायसन्स, वेगळं, आणि रिमोट डेस्कटॉपसाठी, म्हणजे दुरून सर्व्हरवर बसून काम करण्यासाठी, आणखी एक आरडीएस कॅल. ऑफिस सूट अशा सामायिक सर्व्हरवर चालवायचा तर साधी किरकोळ प्रत चालत नाही, तशी परवानगी असलेली योजना लागते.

काही कोटेशनं संशय यावा इतकी स्वस्त असतात. आरडीएस कॅल न घालताही सर्व्हर १२० दिवस चालतो, मग माणसं जोडून घ्यायचं बंद करतो. त्यावर ‘जुगाड’ करून देणारे आहेत. साध्या विंडोज ११वर एका वेळी एकच जण दुरून बसू शकतो, त्यालाही पॅच मारून दहा जण बसवणारे आहेत. ज्या ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब तपासले जातात, तिथे असला सर्व्हर शोभत नाही, एवढंच म्हणतो.

लिनक्सचा मार्ग कसा चालतो

एलटीएसपी, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, १९९९पासून आहे. २०१९ला तो नव्याने लिहिला गेला आणि त्याचा कारभारच बदलला. पूर्वी बहुतेक ठिकाणी प्रोग्रॅम सर्व्हरवर चालायचे आणि टेबलावर फक्त चित्र यायचं. आता पीसी सुरू झाला की तो नेटवर्कवरून सर्व्हरवरची तयार इमेज, म्हणजे लिनक्स आणि सगळे प्रोग्रॅम यांचा एकच गठ्ठा, घेतो आणि प्रोग्रॅम स्वतःच्या प्रोसेसरवर, स्वतःच्या रॅममध्ये चालवतो. त्याच्या पोटात हार्ड डिस्क नसली तरी चालतं. फायली मात्र सर्व्हरवरच राहतात.

यातून तीन गोष्टी निघतात. सर्व्हर फार दांडगा लागत नाही. चांगला आय-५, ३२ जीबी रॅम आणि दोन एसएसडी आरशासारख्या जोडलेल्या, म्हणजे एकीवरचं सगळं दुसरीवरही, एवढ्यावर वीस जण निभावतात. तेच काम जुन्या पद्धतीने, एक्सटूगो किंवा एक्सआरडीपी ही दुरून पडदा दाखवणारी सॉफ्टवेअरं वापरून सर्व्हरवरच चालवलं, तर आजच्या ब्राउझरच्या भुकेपायी माणशी दीड-दोन जीबी रॅम धरावी लागते आणि व्हिडिओ अडखळतो तो अडखळतोच. दुसरं, लिब्रेऑफिस किंवा फायरफॉक्सचं अपडेट एकदा इमेजमध्ये घातलं की दुसऱ्या दिवशी सकाळी वीसही मशिनी नव्या. आणि तिसरं, कुणी रात्री सीपीयू उचलून नेला तर त्यात एकाही ग्राहकाचा पॅन नंबर नसतो.

जुन्या पीसीत ४ जीबी रॅम असेल तर ८ करा. पण त्याआधी वायरिंग पाहा. गिगाबिट वेग यायला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. जुन्या ऑफिसांत दोनच जोड्या क्रिम्प करून काम भागवलेलं असतं, शिवाय कोपऱ्यात १०/१००चा, म्हणजे गिगाबिटच्या दहाव्या हिश्श्याने चालणारा, स्विच गुरगुरत असतो. तशा वायरवर सकाळी साडेदहाला वीस जणांनी एकदम मशीन सुरू केलं की शिव्या लिनक्सला पडतात.

पैशांचं म्हणाल तर अंदाजाने धरू. नवा ब्रँडेड पीसी विंडोज प्रोसह चाळीस हजारांचा धरला तर वीसचे आठ लाख. लिनक्सच्या मार्गात सर्व्हर, स्विच, केबल, रॅम आणि बसवणाऱ्याची मजुरी मिळून अडीच लाख धरा. सॉफ्टवेअरला माणशी शुल्क नाही; मजुरी मात्र फुकट नसते आणि ती कापायला जाऊ नका. विजेची बचत या मार्गात जवळजवळ नाही, कारण जुने पीसी वीज तेवढीच खातात. पीसी मरेल तसतसा त्याच्या जागी कमी विजेचा डबा ठेवत गेलात तर ती येते. मशीनमागे ४५ वॉट वाचले तर वीस मशिनींचे रोज नऊ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरून २,४३० युनिट. युनिटला आठ रुपये धरले तरी वर्षाचे १९ हजार होतात. मे महिन्यात खोली कमी तापते, तो फायदा बिलात दिसत नाही.

अडतं कुठे

टॅलीपाशी. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. वाइनवर, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ती ढकलत चालवता येते, पण त्याला कंपनीचा पाठिंबा नाही, आणि हिशेबाच्या ऑफिसात पाठिंब्याशिवाय टॅली चालवू नये. जीएसटीचं रिटर्न ऑफलाइन टूलही विंडोजसाठीच. मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या आज्ञा, भरलेल्या एक्सेल फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, पण सगळे मॅक्रो चालतीलच असं नाही. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन तर स्वतंत्र विंडोज मशीनवरच ठेवा. इंदूरच्या टेबलांवर फार दिसणारा कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर जोडायला किचकट आहे. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची सर्रास भाषा समजणारा साधा नेटवर्क प्रिंटर असेल तर काही त्रास नाही. कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी हिंदी पत्रं फॉन्ट घातला की दिसतात, पण नवं काम युनिकोडमध्येच करा, इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्सवर उत्तम आहे.

म्हणून करसल्लागाराच्या ऑफिसाला मी सांगेन: पाच-सहा खुर्च्या नव्या विंडोज पीसींच्या, तिथे टॅली, टोकन आणि रिटर्न. बाकीच्या चौदा-पंधरा खुर्च्यांवर पोर्टल, ईमेल, पत्रं, स्कॅन केलेली कागदपत्रं एवढंच काम असतं, ते लिनक्सवर आणा. सगळेच जण दिवसभर टॅलीत असतील तर हा लेख विसरा आणि विंडोज सर्व्हर रीतसर लायसन्स घेऊन बसवा.

क्लासला आणि वाचनालयाला तर दुसरा विचारच नको. सीपीसीटी या मध्य प्रदेशातल्या संगणक परीक्षेची टायपिंग तयारी, इंटरनेट, प्रोग्रॅमिंग, सगळं चालतं. एपॉप्टिस या सॉफ्टवेअरने शिकवणाऱ्याला सगळ्यांचे पडदे एका जागी दिसतात. पोरांनी काहीही बिघडवलं तरी मशीन बंद करून चालू केलं की पहिल्यासारखं. केरळच्या सरकारी शाळांनी मोकळ्या सॉफ्टवेअरवर पूर्ण संगणक शिक्षण उभं केलं आहे, तेव्हा ‘हे कुणी वापरतं का’ ही शंका काढून टाका. पतसंस्थेचं आधी कोअर बँकिंग, म्हणजे खात्यांचं मुख्य सॉफ्टवेअर, पाहा: ब्राउझरमध्ये चालत असेल तर रस्ता मोकळा, पासबुक प्रिंटर आणि अंगठ्याचं यंत्र मात्र विंडोजच्या टेबलावर.

सर्व्हर बंद पडला की वीस माणसं हातावर हात ठेवून बसतात, ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय दुसरा सर्व्हर, आणि तो महागडा नको. जुन्यांपैकी बऱ्यातल्या पीसीत इमेजची प्रत ठेवा, सगळ्यांच्या फायलींच्या फोल्डरांची नक्कल रोज रात्री त्यावर उतरू द्या. महिन्यातून एकदा मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून दुसऱ्यावर काम चालवून पाहा. हे करणार नसाल तर तिसरा मार्ग घेऊ नका.

माणसाचा प्रश्न याहून अवघड. विंडोज बिघडलं की अर्ध्या तासात कुणीतरी दुचाकीवरून येतो. इंदुरात लिनक्स जाणणारे भरपूर आहेत, एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजपासून सुपर कॉरिडॉरच्या आयटी कंपन्यांपर्यंत, पण ते रामबागेतल्या वीस खुर्च्यांचं वार्षिक देखभालीचं काम घेत नाहीत. असा माणूस आधी शोधा, त्याच्याकडून सगळी मांडणी मराठी किंवा हिंदीत कागदावर उतरवून घ्या आणि ऑफिसातल्या एकाला रोजची चार कामं शिकवायला लावा. माणूस मिळाला नाही तर स्वस्तातलं स्वस्त कोटेशनही महाग पडेल.

मिळाला तर तीन खुर्च्यांपासून सुरुवात करा. महिन्याच्या सातपासून वीस तारखेपर्यंत टीडीएस, जीएसटीआर-१ आणि ३बीची धावपळ असते, तेव्हा कशालाही हात लावू नका. एकविसाव्या तारखेला संध्याकाळी लावा, आणि त्या तीनपैकी एका खुर्चीवर तुमच्या ऑफिसातला सगळ्यात कुरकुर करणारा माणूस बसवा. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेनंतर उरलेल्या अकरा-बारांचं त्यालाच विचारा.