किनाऱ्यावरचे घर : झाडे राखून बांधलेले की जमीन सपाट करून बांधलेले?

समुद्राकाठच्या वाढत्या वस्तीत घर घेऊ पाहणाऱ्याला हल्ली दोन प्रकारची घरे दाखवली जातात. एका प्रकारात सगळी जमीन आधी सपाट केलेली असते, जुनी झाडे मुळासकट काढलेली असतात, आखीव रस्त्यांच्या दुतर्फा घरांच्या रांगा असतात आणि रस्त्याच्या कडेला काठीला बांधलेली नवी रोपे उभी असतात. दुसऱ्या प्रकारात होती ती झाडे जमेल तेवढी राखून, त्यांच्यामधून जागा काढून घर बांधलेले असते. मी दोन्हींत राहिलो आहे. आधी सपाट केलेल्या वसाहतीत भाड्याने आणि आता झाडांमधल्या स्वतःच्या घरात. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे वेगळे सांगण्याची गरज नाही. क्षेत्रफळ, कागदपत्रे, भरतीरेषेपासूनचे अंतर या गोष्टी वाचकाने तपासल्याच असतील असे धरून मी त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही.

सपाट जमिनीवरच्या घराची बाजू हलकी नाही, आणि ती आधी मांडलेली बरी. पहिली गोष्ट म्हणजे समुद्र दिसतो, आणि तो बैठकीच्या खोलीतून, बसल्या जागेवरून दिसतो. घरात उजेड भरपूर असतो, छत लवकर वाळते, सौर पॅनेलवर सावली पडत नाही, पन्हळीत पाने अडकत नाहीत, आणि वादळाची सूचना आली की डोक्यावरच्या फांदीकडे पाहत रात्र काढावी लागत नाही. सांडपाण्याची टाकी, गाडी उभी करण्याची जागा, पुढे कधी काढायची एखादी खोली यांची आखणी मनासारखी करता येते. ज्याला घर मुख्यतः सुट्टीपुरते हवे आहे, किंवा जो ते काही वर्षांनी विकण्याच्या विचाराने घेत आहे, त्याला ही यादी पुरेशी वाटली तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

माझ्यापुरता निर्णय मात्र एका अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीने केला, आणि ती म्हणजे त्या भाड्याच्या घरातल्या सरकत्या खिडकीची खालची पट्टी. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की त्याबरोबर बारीक वाळू आणि खारे तुषार घरापर्यंत येत. वाळू पट्टीच्या खाचेत साचत असे आणि तिच्यावर मीठ बसत असे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होते, आणि किनाऱ्यावर अशी हवा ही नेहमीचीच बाब असते. त्यामुळे त्या खाचेत वाळूचा आणि मिठाच्या पाण्याचा एक चिकट लगदा कायम असे. त्यात खिडकीची चाके गंजत, अडकत आणि शेवटी फिरेनाशी होत. ब्रशने खाच साफ करावी, गोड्या पाण्याने धुवावी, तेल सोडावे, आणि पुढच्या वाऱ्याच्या दिवसानंतर पुन्हा तेच करावे असा क्रम सुरू झाला. हळूहळू आम्ही खिडक्या उघडणेच सोडून दिले. खिडक्या बंद म्हणून एसी सुरू, एसी सुरू म्हणून त्याचे बाहेरचे युनिट खाऱ्या वाऱ्यात सतत चालू, आणि त्याच्या पातळ पत्र्यांवर गंजाचे पांढरे चट्टे. समुद्र दिसावा म्हणून घेतलेल्या घरात आम्ही तो बंद काचेआडून पाहत होतो, आणि ती काचही मिठाने धुरकट झालेली असे.

आताच्या घरात खिडक्या दिवसाचा बराचसा वेळ उघड्या असतात. खाचा इथेही साफ कराव्या लागतात, पण ते काम आता घरातल्या इतर सफाईबरोबर होऊन जाते. याचे सगळे श्रेय झाडांना देणे कदाचित अन्यायाचे होईल, कारण हे घर पाण्यापासून थोडे आतही आहे. तरीही आमच्याच रांगेत, पाण्यापासून तितक्याच अंतरावर असलेल्या एका घराच्या मालकाने समुद्र दिसावा म्हणून पुढची सगळी झाडी काढली, आणि त्याच्या खिडक्यांची गत माझ्या जुन्या खिडक्यांसारखीच झाली आहे. मी काही मोजमाप केलेले नाही. पण रोज डोळ्यांसमोर असलेली ही दोन घरे मला पुरेशी वाटतात.

असे का होते, हे पाहिले तर नव्या लागवडीतली उणीवही लक्षात येते. वाऱ्याने उडणारी वाळू मुख्यतः जमिनीलगत, उड्या मारत पुढे सरकते. तिचा मोठा भाग गुडघ्या-कमरेच्या उंचीखालून जातो. खारे तुषार मात्र त्याहून बरेच वरून येतात. म्हणजे आडोसा दोन पातळ्यांवर हवा. खाली वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल, रावणाच्या मिशा, केवडा यांसारख्या वेली, गवते आणि झुडपे हवीत, आणि वर तुषार पानांवर झेलणारी उंडी, भेंडी (भाजीची नव्हे, वृक्ष), करंज अशी दाट पर्णसंभाराची झाडे हवीत. जुन्या किनारी राईत हे दोन्ही थर आपोआप असतात. सपाट केलेल्या वसाहतीत बहुधा नारळ किंवा शोभेचे ताड लावतात, कारण त्यांची मोठी झाडे आणून उभी करता येतात आणि पहिल्याच वर्षी जागा हिरवी दिसते. ताडवर्गातील झाडांच्या खोडाला सहसा फांद्या फुटत नाहीत, पर्णसंभार सगळा शेंड्याला असतो, आणि त्यामुळे जिथून वाळू येते ती जागा पूर्ण उघडी राहते. सावलीही तुटपुंजीच. माझ्या जुन्या वसाहतीत भर दुपारी फाटकापर्यंत अनवाणी जाणे शक्य नव्हते, इथे मी जातो.

‘एका झाडामागे इतकी रोपे लावू’ हे आश्वासन ऐकताना थोडा हिशेब मनात ठेवावा. ज्या झाडाचा घेर मध्यापासून चहूकडे ५ मीटर पसरला आहे, त्याची सावली सुमारे ७८ चौरस मीटर जमिनीवर पडते. मध्यापासून चहूकडे अर्धा मीटर पसरलेल्या रोपाची सावली पाऊण चौरस मीटरच्या आसपास भरते. म्हणजे एका झाडाची आजची सावली आजच हवी असेल तर रोपे शंभर लागतील, आणि तीही सगळी जगली तर. किनाऱ्यावरच्या भरावात, उघड्या वाऱ्यात आणि खाऱ्या तुषारांत ती सगळी जगत नाहीत. माझ्या जुन्या रस्त्यावर काही खड्ड्यांतली रोपे पुन्हा पुन्हा बदललेली मी पाहिली, आणि प्रत्येक वेळी मोजणीत ती नव्याने धरली जात.

काही ठिकाणी झटपट आडोशासाठी सुरूची रांग लावतात. सुरू भरभर वाढतो, त्याच्या मुळांवरचे सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन वापरात आणतात, आणि वाळूत दुसरे काही धरत नसताना तो धरतो, हे मान्य करायला हवे. पण त्याच्या गळलेल्या काड्यांच्या थराखाली दुसरे फारसे उगवत नाही, म्हणून खालचा थर तयार होत नाही. फ्लोरिडात बाहेरून आणलेला हाच सुरू किनाऱ्यांवर पसरून उपद्रवी ठरला आहे. त्याची उथळ मुळे वादळात टिकत नाहीत आणि समुद्री कासवांच्या अंडी घालण्याच्या जागांनाही त्यांचा अडथळा होतो. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीने स्थानिक जातींची दाट लागवड केली तर निकाल बराच चांगला मिळू शकतो, आणि सपाट वसाहतीतच घर घ्यायचे असेल तर मी तिचा आग्रह धरीन. अडचण अशी की तिला सलग मोकळी जमीन लागते, आणि प्रत्येक चौरस मीटर विकायला काढलेल्या वसाहतीत नेमकी तीच उरलेली नसते.

झाडांमधल्या घराचे दोष मी झाकून ठेवणार नाही. पन्हळ वरचेवर साफ करावी लागते, सावलीतल्या भिंतींवर शेवाळ धरते, डास जास्त असतात, आणि तळमजल्यावरून समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो. मुळे सांडपाण्याच्या नळांत शिरू शकतात. सर्वांत मोठी भीती अर्थातच वादळाची. तिच्याबद्दल इतके सांगता येईल की २००४ आणि २००५ च्या मोठ्या चक्रीवादळांनंतर फ्लोरिडा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पडलेल्या आणि उभ्या राहिलेल्या झाडांची पाहणी केली, तेव्हा एकेकट्या झाडांपेक्षा समूहात वाढलेली झाडे अधिक टिकलेली आढळली, आणि मुळांना पसरायला जागा मिळालेल्या झाडांनीही चांगला तग धरला होता. म्हणून अंगणात एकच उंच झाड शोभेला ठेवलेले घर हे या दुसऱ्या प्रकारात मोडत नाही. किंबहुना ते दोन्हींतला धोका एकत्र करते. याउलट, झाडी असली की महाकाय लाटांपासूनही घर वाचते, असे कोणी सांगितले तर तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. २००४ च्या त्सुनामीनंतर या मुद्द्यावर शास्त्रज्ञांतच बराच वाद झाला आहे. रोजचा वारा आणि लाट या वेगळ्या गोष्टी आहेत.

झाडे ‘राखली’ आहेत म्हणजे ती जगणार आहेत, असे नसते. इथे घेणाऱ्याची सर्वाधिक फसगत होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. किनाऱ्यावर पाणी शिरू नये म्हणून बांधकामापूर्वी जमिनीची पातळी भराव टाकून उंच केली जाते. झाडाची अन्न-पाणी घेणारी मुळे वरच्या थरात असतात आणि त्यांना हवा लागते. भरावाखाली ती गुदमरतात. झाड लगेच मरत नाही. साठवणीवर ते काही वर्षे हिरवे राहते, मग शेंड्याकडून वाळू लागते, आणि तोवर घराचा व्यवहार कधीच पूर्ण झालेला असतो. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. बहुतेक झाडांचे खोड जमिनीशी येताना पसरट होते, मुळांचे उंचवटे दिसतात. पुरलेल्या खांबासारखे खोड सरळ मातीत शिरताना दिसले, तर बुंधा बहुधा भरावात गाडला गेला आहे असे समजावे.

दुसरी तपासणी अंतराची. बांधकामाजवळच्या झाडांसाठीच्या बीएस ५८३७ या ब्रिटिश मानकात मुळांच्या संरक्षणाचे क्षेत्र काढताना जमिनीपासून दीड मीटर उंचीवरच्या खोडाच्या व्यासाची बारापट त्रिज्या धरतात. ४० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला ही त्रिज्या ४.८ मीटर येते. इतक्या अंतरात पाया, गटार किंवा फरसबंदी असेल तर झाड राखले असे विक्रेता म्हणू शकेल, पण मुळांच्या बाजूने ते खरे नसेल. सलग काँक्रीटच्या चौथऱ्यापेक्षा सुट्या खांबांवर उचललेले घर मुळांना कमी जाचते, आणि खालून पाणीही मुरत राहते. माझ्या मते या बाबतीत खांबांच्या घराला पर्याय नाही, मग ते दिसायला थोडे विचित्र का असेना.

वरचे सगळे एका घरापुरते झाले. वाढत्या वस्तीत खरा प्रश्न शेजारच्या जमिनीचा असतो, आणि तिथे माझ्या आवडत्या प्रकाराची बाजू कमकुवत आहे हे कबूल करायला हवे. समूहात वाढलेल्या झाडाने आयुष्यभर एकमेकांच्या आडोशाने वारा सोसलेला असतो. बाजूचे तीन प्लॉट सपाट झाले की कडेला आलेले झाड प्रथमच पूर्ण वाऱ्यात उभे राहते, आणि त्या वाऱ्यासाठी त्याचे खोड व मुळे घडलेली नसतात. म्हणजे तुमची झाडे तुम्ही जपाल, पण त्यांना उभे ठेवणारी झाडे दुसऱ्याच्या मालकीची आहेत. पाण्याचेही तसेच. किनाऱ्याखाली गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि गाइबेन व हर्झबर्ग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाप्रमाणे गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितकी असते, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत ते खाली पोचते. पातळी एक मीटर उतरली की कालांतराने तळाचे खारे पाणी ४० मीटरपर्यंत वर सरकू शकते. इथे झाडांना सरसकट नायक ठरवू नये, कारण झाडेही पाणी पितात. बिघाड होतो तो मुख्यतः जमीन फरसबंदीने झाकून पाणी मुरू न देण्याने आणि त्याच वेळी घरागणिक बोअर मारून उपसण्याने. शेजारची सपाट वसाहत हे दोन्ही करत असेल, तर झाडांमधल्या तुमच्या विहिरीचेही पाणी मचूळ होईल.

त्यामुळे माझा सल्ला थोडा अटींचा आहे. आजूबाजूची निम्मी-अधिक जमीन अजून झाडीखाली असेल आणि ती तशी राहण्याला काही बंधनकारक आधार असेल, तर झाडांमधले घर घ्यावे, समुद्र न दिसण्याची किंमत मोजूनही घ्यावे. सगळीकडे यंत्रे लागलेली असतील आणि मध्ये एकच हिरवा तुकडा उरला असेल, तर त्या तुकड्यासाठी जास्त पैसे देण्यात फारसे हशील नाही. मग सपाट वसाहतीतले, पण समुद्राकडच्या वाळूच्या टेकड्या आणि त्यांवरची झुडपे शाबूत असलेले घर शोधावे, आणि सरकत्या खिडक्यांऐवजी बिजागरीच्या खिडक्या मागाव्यात. घर कोणतेही असो, विक्रेता ते सकाळी दाखवील, कारण सकाळी वारा पडलेला असतो. आपण दुपारी तीननंतर जावे, समुद्राच्या बाजूची प्रत्येक खिडकी स्वतः उघडून बंद करून पाहावी, खालच्या खाचेतून बोट फिरवावे, आणि मगच पुढच्या बोलण्याला बसावे.