निदान चुकलं, वर दलालानेही लुटलं: नागपुरात दाद मागण्याआधी हे वाचा

"काकाजी, केस एकदम पक्की आहे. पंधरा लाखांच्या खाली काही येत नाही. फाइल माझ्याजवळ ठेवा अन् निश्चिंत गावाला जा."

दवाखान्याबाहेरच्या टपरीवर चहा पाजून असं बोलणाऱ्या माणसाला तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्या असतात: मूळ कागद आणि सही. नागपूरला उपचारासाठी गडचिरोली, गोंदिया, यवतमाळपासून पार छिंदवाडा-बालाघाटपर्यंतची माणसं येतात. गाव लांब, घरचा माणूस खाटेवर, त्यात कोर्टकचेरीची धास्ती. चुकीच्या निदानाने पोळलेल्या कुटुंबांचे कागद बघताना ही लूट आम्हाला पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून तिची रीत सविस्तर सांगतो.

भंडारा जिल्ह्यातल्या एका कुटुंबाचं उदाहरण घ्या. तरुण मुलाला पोटदुखी, उलट्या, ताप. नागपुरातल्या एका खासगी दवाखान्याने चार दिवस गॅस आणि जंतुसंसर्ग समजून सलाइन लावलं. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दुखतं, असं नर्सिंग नोट्समध्ये दोन ठिकाणी लिहिलेलं. रक्तात पांढऱ्या पेशी वाढल्याचा रिपोर्टही फाइलला लावलेला. तरी सोनोग्राफी नाही, सर्जनला बोलावणं नाही. अपेंडिक्स फुटलं आणि दुसऱ्या दवाखान्यात पोट उघडावं लागलं. पहिल्या दवाखान्याचं बिल 38,000 रुपये झालं होतं. तक्रारीत दम होता.

दलालाने 'झेरॉक्स चालत नाही' म्हणून मूळ फाइल घेतली. 'पंधरा लाखांच्या दाव्याची कोर्ट फी' म्हणून 22,000 रुपये घेतले. मिळेल त्यातले 30 टक्के वकिलाचे, असं कबूल करून घेतलं. 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर खाली सही घेतली, वरचा भाग कोरा. मग व्हॉट्सॲपवर एक वकिली नोटीस पाठवली आणि केस लागल्याचं सांगितलं. पुढे नुसते फोन: तारीख पडली, तारीख वाढली, साहेब रजेवर आहेत. सव्वादोन वर्षांनी कळलं की तक्रार दाखलच झालेली नाही. त्या कोऱ्या जागेत 'रक्कम मिळाली, उपचारांबद्दल कोणतीही तक्रार नाही' असं टाइप होऊन तो कागद दवाखान्याच्या हाती पोचला होता.

आता एकेक थाप तपासू.

फीची थाप सगळ्यात सोपी, कारण ती आकड्यांनीच पकडता येते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. त्यात तक्रार कोणत्या ग्राहक आयोगाकडे जाईल आणि फी किती, हे तुम्ही दवाखान्याला किती पैसे मोजले यावरून ठरतं. तुम्ही भरपाई किती मागता यावरून नाही. मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी 5 लाखांपर्यंत शून्य, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400, 50 लाखांपर्यंत 1,000. बिल 38,000 आणि मागणी पंधरा लाख, म्हणजे सरकारी फी शून्य. ते 22,000 सरळ खिशात गेले.

तक्रार नागपुरातच लावावी लागते, हेही खोटं. या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगाकडेही जाता येतं. भंडाऱ्याच्या माणसाने भंडाऱ्यातच तक्रार द्यावी, तारखांना नागपूरच्या चकरा कशाला? ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. दाखल करताना कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती चालतात; मूळ कागद आयोगाने मागितले तर तिथे दाखवायचे, मधल्या माणसाकडे द्यायचे नाहीत.

निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे, आणि दलाल पाठवून पक्षकार गोळा करायलाही. '30 टक्के' हा शब्द ऐकला की तिथेच उठा. वकील करायचाच तर स्वतः भेटा, वकीलपत्रावर नाव वाचून सही करा, पैशाची पावती घ्या. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, मुलं आणि अपंग व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. प्राधिकरणाचा हेल्पलाइन क्रमांक 15100.

आणि नोटीस म्हणजे केस नव्हे. नोटीस शंभर पाठवल्या तरी मुदत थांबत नाही. तक्रार दाखल झाली की तिला क्रमांक पडतो, आणि त्या क्रमांकावरून पुढची तारीख पोर्टलवर कुणालाही बघता येते. क्रमांक सांगायला जो टाळाटाळ करतो त्याने काहीही दाखल केलेलं नाही, असं खुशाल समजा.

तक्रार दाखल करायची ही मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं आहे. निदान चुकल्याचं नंतर कळलं तर कळल्यापासून मोजावी, असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबून बसू नका. एका प्रकरणात 1993 मध्ये शस्त्रक्रिया झाली, 2002 मध्ये पोटात राहिलेला गॉज (जाळीदार कापडाचा तुकडा) सापडला, 2004 मध्ये तक्रार झाली. इतकी वर्षं दुखत असताना चौकशी का केली नाही, असं विचारून सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ती तक्रार मुदतबाह्य ठरवली. दलाल जी सव्वादोन वर्षं खातो, त्यांची किंमत ही अशी असते.

खरी मेहनत लागते ती निष्काळजीपणा सिद्ध करायला. निदान चुकलं म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं कायदा मानत नाही. 2018 मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसचे, म्हणजे किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचे, रुग्ण मोठ्या संख्येने आले. हा ताप सुरुवातीला डेंग्यूसारखाच भासतो. पहिल्या दिवशी डॉक्टरचा अंदाज चुकला, तर त्याला दोष देता येणार नाही. पण ताप हटत नाही, अंगावर किड्याच्या चाव्याची काळी खपली आहे, आणि तरी तपासणी न करता तेच औषध चालू ठेवलं, तर प्रश्न उभा राहतो. साधारण कौशल्याच्या डॉक्टरने त्या परिस्थितीत काय केलं असतं, कोणती तपासणी राहिली, आणि ती राहिल्यामुळेच नुकसान झालं का? शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त प्रकरणांत निसटतो. चूक दिसते, पण वेळेवर निदान झालं असतं तर काय वाचलं असतं हे कुणी मांडतच नाही. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरच्या नोंदी इथे फार कामी येतात.

तज्ज्ञाचं मत बहुतेक प्रकरणांत लागतं, पण 'मताशिवाय तक्रार घेतच नाहीत' म्हणून पन्नास हजार मागणारे खोटं बोलतात. हैदराबादच्या एका रुग्णाला थंडी वाजून ताप येत होता आणि दवाखान्याने उपचार टायफॉइडचे केले, मलेरियाचे नाही. जिल्हा मंचाने (आताचा जिल्हा आयोग) दिलेली 2 लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये पुन्हा लागू केली आणि सांगितलं की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाच्या मताची अट घालता येणार नाही.

म्हणून सगळ्यात आधी रेकॉर्ड. डिस्चार्ज कार्डावर भागत नाही, कारण ते शेवटी लिहिलेलं असतं. मागायचं ते संपूर्ण इनडोअर केस पेपर: डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, ताप-नाडीचा तक्ता, औषधांचा तक्ता, संमतीपत्रं, ऑपरेशन नोट, सगळे लॅब रिपोर्ट, सीटी-एमआरआयची सीडी. गाठीचा तुकडा तपासला असेल तर त्याच्या स्लाइड आणि ब्लॉक. अर्ज दोन प्रतींत करा आणि एकीवर शिक्का, तारीख, सही घ्या. काउंटरवर अर्ज घेतला नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. वैद्यकीय व्यवसायाच्या 2002 च्या नियमांनुसार अर्जापासून 72 तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं, आणि उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ते जपावं लागतं. 'फाइल गोपनीय आहे' हे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच खोडून काढलं आहे. मिळालेल्या प्रत्येक पानावर क्रमांक टाका, मोबाइलवर फोटो काढा. एकाच दिवसाच्या डॉक्टरच्या आणि नर्सच्या नोंदी वेळेसकट शेजारी ठेवून वाचा. तफावत तिथेच सापडते.

रुग्ण दगावला असेल आणि शंका असेल तर शवविच्छेदनाची मागणी लगेच करा. दुःखात हे बोलणं जड जातं, पण ते झालं नाही तर मृत्यूच्या कारणावरच वाद सुरू होतो.

दवाखाना बिल माफ करतो म्हणाला आणि त्या बदल्यात सही मागत असेल, तर त्या रात्री सही करू नका. तडजोड वाईट नाही. मात्र ती तक्रार दाखल झाल्यावर आयोगासमोर लेखी मांडून करा, म्हणजे रक्कम आदेशात येते.

पूर्णपणे मोफत सरकारी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. तिथे दिवाणी दावा लागतो आणि त्याआधी सरकारला 2 महिन्यांची नोटीस. विम्यातून बिल भरलं गेलं असेल तर ती सेवा मोफत धरली जात नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई देत नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या निकालानुसार पोलिसांना आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं. 'एफआयआरची धमकी देऊन पैसे काढून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागलात तर खंडणीचा आळ तुमच्यावर येऊ शकतो.

दलालाच्या हाती आधीच सापडला असाल तर आजच पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं, 316 विश्वासघाताचं. कोऱ्या स्टॅम्पवर सही घेतल्याचं त्यात स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपचे संदेश, कॉलची यादी काढून ठेवा. मूळ फाइल गेली असली तरी 3 वर्षांच्या आत दवाखान्याकडून प्रत पुन्हा मिळते. 2 वर्षं उलटली असतील तर तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज जोडा. पुरेसं कारण पटलं तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 69 खाली आयोग विलंब माफ करू शकतो. उशीर का झाला ते त्यात तारीखवार मांडा, पोलीस तक्रारीची प्रत आणि शपथपत्र जोडा. फसवणूक कळल्यापासून अर्ज देईपर्यंतच्या दिवसांचाही हिशेब आयोग विचारतो, त्यामुळे कळल्यावर पुन्हा थांबू नका. जिल्हा आयोगाचा आदेश विरुद्ध गेला तर 45 दिवसांत राज्य आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे अपील करता येतं.