सात दिवसांची सलग भटकंती: कळसूबाई–हरिश्चंद्रगड, नाणेघाट–भीमाशंकर की बागलाण?

रजा सात दिवसांची, महिना डिसेंबरचा आणि घर ठाण्यात. एवढं ठरलं की हिमालय मी बाजूला ठेवतो. जाण्यायेण्यातच तीन-चार दिवस जातात आणि अंग उंचीला सरावेपर्यंत परतीची गाडी येते. सह्याद्रीचं तसं नाही. पहाटे ठाण्याला कसारा लोकल पकडली की दुपारी आपण डोंगराच्या पायथ्याशी असतो. या तिन्ही वाटा मी पाठीवर सॅक घेऊन चाललो आहे.

वाट ठरवताना बहुतेक जण गडांची यादी करतात. मी आधी दोनच गोष्टी बघतो. संध्याकाळी पाणी आणि छप्पर कुठे मिळेल? आणि चौथ्या दिवशी कुणाचा गुडघा दुखावला तर डांबरी रस्ता किती लांब असेल?

कळसूबाई–रतनगड–हरिश्चंद्रगड या वाटेवर दोन्हींची उत्तरं सोपी आहेत. कसाऱ्याहून जीपने घोटी, तिथून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या एसटीने बारी. पहिला मुक्काम बारीत. दुसऱ्या दिवशी कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. सॅक गावातच ठेवायची, पाणी आणि शिदोरी घेऊन वर जाऊन यायचं. तिसऱ्या दिवशी शेंडीहून जीपने भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून साम्रद आणि दुपारभर सांदण दरी. चौथ्या दिवशी साम्रदहून खुट्टा सुळक्याच्या बाजूने त्र्यंबक दरवाज्यातून रतनगडावर चढायचं आणि गणेश दरवाज्याच्या शिड्यांवरून रतनवाडीत उतरायचं. नेढ्यात, म्हणजे माथ्याच्या कातळातल्या आरपार भोकात, बसून वारा अंगावर घेतल्याशिवाय गड सोडू नका. खाली उतरलात की अमृतेश्वराच्या मंदिरासाठी तासभर हाताशी ठेवा. घाईत बघायची ती जागा नाही.

या वाटेचा खरा गाभा मात्र पाचवा दिवस. रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत. दाट रान, फुटणाऱ्या ढोरवाटा आणि मध्ये गाव नाही. इथे रतनवाडीतलाच वाटाड्या घ्या, पाणी माणशी तीन लिटर भरा आणि सकाळी सातला निघा. सहाव्या दिवशी कुमशेतहून पाचनई आणि संध्याकाळपर्यंत हरिश्चंद्रगड. सातव्या दिवशी सूर्योदयाला कोकणकडा, मग केदारेश्वराची पाण्यातली पिंड, आणि टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरून खुबी फाट्यावर कल्याणची एसटी.

पाच रात्री गावात जातात, एकच गडावर. तंबू लागत नाही, कारण गावागावात जेवणाखाणासह राहायची सोय होते. माझी सॅक इथे नऊ किलोच्या वर गेली नाही. थकल्या अंगाने कुमशेतच्या एका घरात चुलीजवळ बसून नाचणीची भाकरी आणि पिठलं खाल्लं, ती चव अजून जिभेवर आहे. बारी, साम्रद, रतनवाडी, पाचनई या सगळ्या गावांत गाडी येते, म्हणजे कुणाला थांबावंच लागलं तर वाट मिळते. उणं म्हणाल तर गर्दीचं. शनिवार-रविवारी कळसूबाईच्या शिड्यांवर रांग लागते आणि कोकणकड्यावर तंबूंची वस्ती उभी राहते. म्हणून सोमवारी निघा. कळसूबाई मंगळवारी होते आणि कोकणकडा रविवारी सकाळी, पण तेवढी एक सकाळ सोसायची. अलंग-मदन-कुलंग हे तीन गड मध्ये घुसवायचा मोह अनेकांना होतो. अलंग आणि मदनला दोर लागतो, त्यासाठी वेगळी मोहीम काढा.

नाणेघाट–भीमाशंकर ही वाट माझ्या मनाच्या जास्त जवळची. शिखरं कमी, चाल जास्त. कल्याणहून मुरबाडमार्गे वैशाखरे, तिथून सातवाहनांच्या काळापासून वापरात असलेल्या घाटाने वर. गुहेतले नागनिका राणीचे ब्राह्मी लेख आणि माथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण बघितला की आपण दोन हजार वर्षांच्या रहदारीत सामील झालो असं वाटतं. मुक्काम घाटघरला. दुसऱ्या दिवशी सॅक तिथेच ठेवून जीवधन किल्ला, कारण कल्याण दरवाज्याकडची चढण ओझं घेऊन करण्यासारखी नाही. मग घाटमाथ्याच्या कडेकडेने ढाकोबाचं शिखर, दुर्ग नावाचा किल्ला, अहुपे गाव आणि भीमाशंकर. डावीकडे जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी वाड्या आणि हिरड्याची झाडं, उजवीकडे सरळ कोकणात कोसळणारे कडे. अहुप्याची देवराई आणि भीमाशंकरच्या रानातला शेकरू हे या वाटेचं देणं. शेवटी गणेश घाटाने खांडस, जीपने कर्जत, आणि लोकलने ठाणं. शिडी घाट जवळचा आहे, पण सातव्या दिवशी भरल्या सॅकने शिड्या उतरू नका.

इथली अडचण गंभीर आहे. ढाकोबा आणि दुर्गाच्या मध्ये पठारावर गवत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि प्रत्येक ढोरवाट खरी वाटते. आम्ही तिथे वाटाड्या न घेता गेलो, दोन तास एकाच सोंडेवर गोल फिरलो आणि पाणी दुपारी दोनलाच संपलं. अंधार पडताना एका गुराख्याने वाडीपर्यंत आणून सोडलं. त्या संध्याकाळची भीती मला नीट आठवते, म्हणून सांगतो: इथे रोज नवा वाटाड्या घ्या, पुढच्या वाडीपर्यंतचा. रात्रीच्या छपराची खात्री नसते, तेव्हा तंबू हवाच, आणि सॅक तेरा किलोवर जाते. मधूनच बाहेर पडायचं तर अहुप्याहून घोडेगावकडे जाणारा रस्ता आहे, नाहीतर अहुपे घाटाने खोपिवलीला उतरायचं. तो उतार दुखऱ्या गुडघ्याला झेपणारा नाही.

बागलाणात, म्हणजे मुल्हेर, मोरा, हरगड, मांगी-तुंगी, सालोटा आणि साल्हेर या भागात, जायला नाशिक-सटाण्यामार्गे ताहराबाद गाठावं लागतं. दोन टोकांचे दोन दिवस प्रवासात अर्धे जातात. गड सुटे सुटे आहेत, त्यामुळे पायथ्याला सॅक ठेवून रोज हलक्या अंगाने चढता येतं. ते पाठीला बरं, पण सलग चालल्याचं समाधान मिळत नाही. मधलं अंतर जीपनेच कापावं लागतं. डोंगर उघडे, सावली कमी, ऊन डिसेंबरातही चटका देतं. तरीही साल्हेरसाठी मी पुन्हा जाईन. १५६७ मीटरचा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, माथ्यावर परशुरामाचं मंदिर, आणि खाली ते मैदान जिथे १६७२ साली मराठ्यांनी मोगलांना समोरासमोरच्या लढाईत हरवलं. इतिहासासाठी निघालेल्यांनी हीच वाट घ्यावी.

आता निवडीचं. गटात कुणी सलग तीन दिवसांपेक्षा जास्त चाललेलं नसेल तर कळसूबाई–हरिश्चंद्रगड, दुसरा विचार नको. ती आधी झाली असेल, चौघंजण एकमेकांची चाल ओळखून असतील आणि तंबू वाहायची तयारी असेल तर नाणेघाट–भीमाशंकर. बरोबर पन्नाशी ओलांडलेलं कुणी असेल, किंवा रोज ओझं वाहणं जमत नसेल, तर बागलाण.

तयारी मात्र तिन्हींना एकच. निघायच्या आधीचे तीन रविवार उपवनहून येऊर गावापर्यंतचा चढ, पाठीवर तीच सॅक, तेवढंच वजन. नवी मुंबईकरांनी खारघरच्या टेकडीचा रस्ता धरावा. दुसऱ्या रविवारी खांद्याला पट्टा कुठे काचतो आणि बूट कुठे चावतो ते समजतं, आणि तोवर दुकानात जाऊन बदलून आणायला वेळ असतो.